फ्राय ओटो: साबणाचा पडदा, टांगलेली साखळी आणि हलकं छप्पर

ओळंबा
आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमात फ्राय ओटोचं नाव एका ओळीत उरकलं जातं: 'तंबूवाला जर्मन, म्युनिक ऑलिंपिकचं छप्पर'. त्या ओळीत त्याचं खरं काम येतच नाही. त्याच्या पद्धती नीट उलगडून लिहिता याव्यात म्हणून हा धागा. कोणत्या मॉडेलमधून काय कळतं, काय कळत नाही आणि करताना कुठे बिनसतं, ते सगळं इथे यावं.

आधी चौकट. जन्म ३१ मे १९२५, सॅक्सनीतल्या केमनिट्झजवळचं सिगमार. घराणं पाथरवट-शिल्पकारांचं. ग्लायडर उडवायचा, युद्धात वैमानिक होता, शेवटी पकडला गेला आणि फ्रान्समध्ये शार्त्रजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत पोचला. तिथे छावणीच्या बांधकामांचं काम त्याच्याकडे आलं. सामान जवळजवळ नाहीच, पण छप्पर मात्र हवं, अशी परिस्थिती. पुढे बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात शिक्षण. १९५० मध्ये अमेरिकेत गेला असताना न्यूयॉर्कला इंजिनिअर फ्रेड सेवरूडच्या कार्यालयात रॅली शहरातल्या नियोजित अरीनाच्या केबल-छपराचं काम बघितलं आणि १९५४ मध्ये टांगत्या छपरांवरच डॉक्टरेट केली.

१९६४ मध्ये इंजिनिअर फ्रिट्झ लिओनहार्टने त्याला श्टुटगार्टला बोलावलं आणि हलक्या रचनांची संस्था सुरू झाली. तिचं जर्मन नाव लांबलचक आहे, सगळे 'आयएल' म्हणतात. माझ्या मते ओटोचं सर्वात मोठं काम ही संस्था, इमारती त्यानंतर.

कौलारू
वाचतोय. एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, नंतर वाद नको: उच्चार 'फ्रेई' नाही, 'फ्राय'. अर्थ मोकळा, मुक्त. हे टोपणनाव नाही, आईने हौसेने ठेवलेलं खरं नाव आहे.

खोगीर
ओळंबा, साबणाच्या पडद्यापासून सुरू करू या, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

तारेच्या चौकटीत साबणाचा पडदा धरला की तो त्या कडांमध्ये कमीत कमी क्षेत्रफळाचा होतो. पडद्यातला ताण प्रत्येक बिंदूला, प्रत्येक दिशेला सारखा असतो, आणि दोन्ही बाजूंना हवेचा दाबही सारखाच. म्हणजे एका दिशेचा बाक वर असेल तर त्याच्या काटकोनातला बाक तितकाच खाली. म्हणून खोगिराचा आकार येतो. कापडाच्या छपराला नेमकं हेच हवं. कुठे जास्त ताण असेल तर कापड फाटतं. कुठे कमी असेल तर वाऱ्यात फडफडतं, आणि फडफडून शेवटी तेही फाटतं.

घरी करायचं तर कृती अशी:

१ लिटर डिस्टिल्ड वॉटर, साधारण ७५ ते १०० मिली भांड्याचा लिक्विड साबण, ५० मिली ग्लिसरिन. हळू ढवळायचं, फेस करायचा नाही. रात्रभर झाकून ठेवायचं आणि सकाळी वरचा फेस चमच्याने काढून टाकायचा. बोअरचं पाणी वापरू नये. जड पाण्यात पडदा लवकर फुटतो.

चौकटीला दीड ते दोन मिमी जाडीची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार. चार टोकांचा तंबू करायचा असेल तर ३० सेमी चौरस प्लायवुडवर चार सळया उभ्या करायच्या, समोरासमोरच्या दोन उंच आणि दोन बुटक्या. टोकांना बारीक सुती दोरा सैल बांधायचा. हा दोरा म्हणजे खऱ्या तंबूची कडेची केबल. बुडवायच्या आधी दोरा पूर्ण भिजवून घ्यायचा. सळयांसकट सगळं बुडेल असं खोल भांडं हवं, त्यात उलटं बुडवून सावकाश तिरकं वर काढायचं. चारही कडा दोऱ्यांच्या आहेत, त्यामुळे पडदा दोऱ्यांना आत ओढतो आणि त्यांचा बाक आपोआप ठरतो.

फुटण्याची कारणं जवळजवळ नेहमी हीच: कोरडी तार, कोरडं बोट, पंखा, तारेच्या गाठीचं टोचणारं टोक.

निळीशाई
पडदा जेमतेम अर्धा-एक मिनिट टिकतो. तेवढ्यात मोजायचा कसा? पट्टी लावली की फुटणार.

खोगीर
मोजायचं पडद्यावर नाही, सावलीवर. संस्थेत यासाठी वेगळं यंत्रच होतं. पडदा बंद पेटीत, आत तापमान आणि आर्द्रता ताब्यात, एका बाजूने समांतर प्रकाशकिरण आणि दुसऱ्या बाजूला कॅमेरा. किरण समांतर असल्यामुळे सावली आकाराने खरी पडते, लांबचा भाग लहान दिसत नाही.

घरी तेवढं जमत नाही. पण कॅमेरा पाच मीटर लांब ठेवून पूर्ण झूम केला की दृष्टिभेदाची चूक बरीच कमी होते. मागे काळं कापड, उजेड बाजूने, आणि चौकटीच्याच प्रतलात एक पट्टी उभी ठेवायची. नाहीतर फोटोतलं प्रमाण कशावरून काढणार?

शंकूछेद
साबणाचा पडदा काही आकार द्यायला साफ नकार देतो, त्याबद्दल कुणीच लिहीत नाही.

दोन सारख्या गोल कड्या समोरासमोर धरा, मध्ये डमरूसारखा पडदा येईल. कड्या लांब नेत गेलात की अंतर त्रिज्येच्या १.३२५ पट झाल्यावर तो तुटतो. २० सेमी व्यासाच्या कड्या असतील तर साधारण १३ सेमीला. साबण कितीही चांगला असो. त्यापलीकडे सलग जोडणारा तसा आकार गणितातच नाही.

आता एकाच खांबाच्या टोकावर कापड टेकवायचा विचार करा. टोक म्हणजे जवळजवळ शून्य त्रिज्येची कडी, तिथे पडदा थांबूच शकत नाही. खऱ्या कापडात याचा अर्थ टोकाशी ताण प्रचंड वाढणार आणि कापड तिथेच फाटणार. ओटोने यावर काढलेले उपाय बघण्यासारखे आहेत. एक म्हणजे खांबाच्या डोक्यावर मोठी कडी किंवा छत्रीसारखा फुगीर माथा. दुसरा 'डोळा': पडद्यात दोऱ्याचा फास तरंगत सोडायचा, फासाच्या आतला पडदा फोडायचा, आणि तो फास खांबाच्या टोकाला अडकवून वर ओढायचा. ताण एका बिंदूऐवजी फासाच्या सगळ्या लांबीवर वाटला जातो. माँट्रियलच्या १९६७ च्या प्रदर्शनातल्या जर्मन मंडपात हेच थेंबाच्या आकाराचे डोळे होते. लोक ती नक्षी समजतात!

ओळंबा
माँट्रियलचं काम वास्तुकार रॉल्फ गुटब्रोडबरोबरचं. सुमारे ८,००० चौ.मी. छप्पर, उंची वेगवेगळी असलेले ८ खांब, सर्वात उंच ३८ मी. पोलादी केबलची जाळी, घर ५० सेमीचं, आणि पीव्हीसी लावलेलं पॉलिस्टर कापड जाळीच्या खाली टांगलेलं. भार जाळी घेते, कापड फक्त पाऊस अडवतं.

त्याआधी श्टुटगार्टच्या फाइंगेन भागात चाचणीसाठी एक तुकडा उभारला होता, एकच खांब, १७ मीटरचा, खाली साधारण ४६० चौ.मी. जागा. चाचणी झाल्यावर तो मोडीत न काढता थोडा हलवून त्यावर फळ्या आणि शिंगल (कौलांसारखे चपटे तुकडे) घातले, डोळ्यात पारदर्शक आच्छादन बसवलं, आणि संस्था त्यातच राहायला गेली. चाचणीच्या तुकड्यातच विद्यार्थी बसून पुढच्या चाचण्या करतायत. ती इमारत आजही विद्यापीठ वापरतं.

काथ्या
कापडाचं काम करणाऱ्यांनी कडेच्या केबलचं गणित पाठ करावं असं माझं मत. ओटोच्या तंबूंच्या कडा इतक्या आत वळलेल्या का, याचं उत्तर सौंदर्यात नाही.

केबलमधला ताण = कापडातला दर मीटरचा ताण × केबलच्या बाकाची त्रिज्या.

समजा कापडात २ किलोन्यूटन प्रति मीटर ताण भरलाय आणि कडेची लांबी ८ मी. आहे. बाक, म्हणजे कड मध्यावर किती आत जाते ते, लांबीच्या १० टक्के, ०.८ मी. ठेवला तर त्रिज्या १०.४ मी. येते आणि केबलमध्ये सुमारे २१ किलोन्यूटन, दोन टनांच्या आसपास. गिऱ्हाईक म्हणतं, 'सावली कमी पडते, कड सरळ करा.' बाक ०.४ मी. केला की त्रिज्या २०.२ आणि ताण ४० किलोन्यूटन. सावली थोडीशीच वाढली, भार मात्र दुप्पट. आणि हा नुसता भरलेला ताण, वारा अजून धरलेलाच नाही.

पुढे तो भार जमिनीत जातो. एका टोकाला वर उचलणारा भाग ४० किलोन्यूटन असेल तर नुसती बरोबरी करायला १.६७ घनमीटर काँक्रीट लागतं, दीडपट सुरक्षितता धरली तर अडीच. आपल्याकडे पार्किंगवर जी टेन्साइल शेड उभी राहतात, त्यात हा खड्डा हमखास लहान निघतो, कारण 'कापडच तर आहे'.

निळीशाई
काथ्या, पावसात अशा शेडमध्ये पाण्याची पखाल साठलेली दिसते, तीही याचमुळे का?

काथ्या
नाही, ते वेगळं. दोन कारणं. एक, आकारच जवळजवळ सपाट. चार टोकांच्या उंचीत पुरेसा फरक नसला की खोगीर होत नाही, मध्ये थाळी तयार होते. थोडं पाणी साठलं की कापड खाली जातं, खाली गेलं की आणखी साठतं. हे चक्र आपोआप थांबत नाही. दुसरं, कापड सैल पडणं. विणलेलं कापड ताणा आणि बाणा या दोन दिशांना सारखं ताणलं जात नाही, बाण्याकडे सहसा जास्त. म्हणून पट्टे कापताना मापापेक्षा किंचित आखूड कापायचे असतात, आणि दोन्ही दिशांना वेगवेगळं. किती ते त्या कापडाच्या दोन्ही दिशांनी ताणून केलेल्या चाचणीवरून ठरतं. ती चाचणी न करता सगळीकडे एकच टक्का लावला की पहिल्या वर्षात झोळ पडतो.

ओटोचं १९५५ चं कासेलचं संगीत-मंडप बघा. चार टोकं, १८ मीटरचा गाळा (आधारांमधलं मोकळं अंतर), आणि कापड चक्क सुती. आकार खणखणीत खोगीर होता. शिवणारे होते कॉन्स्टान्झचे तंबूवाले श्ट्रोमायर. पीटर श्ट्रोमायर हा त्याचा पुढे कित्येक वर्षांचा सोबती. कापड कसं वागतं ते या घराण्याला पिढ्यांपासून माहीत होतं. आकार ओटोचा म्हणावा, पण कातरकामाचं शहाणपण त्यांचं.

वासेरी
ताणाचं झालं. आता दाबाचं. म्हणजे जर्मनीतल्या मानहाइमचं लाकडी जाळीचं छप्पर.

साखळी दोन टोकांना धरून सोडली की तिच्यात फक्त ताण असतो. तोच आकार उलटा केला की फक्त दाब. इंग्रज शास्त्रज्ञ हुकने सतराव्या शतकात सांगितलं, बार्सिलोनाच्या वास्तुकार गौदीने वापरलं. ओटोने त्याची जाळी केली, आणि एक अट घातली: सगळी घरं सारख्या लांबीच्या बाजूंची. या अटीमुळे सगळी जाळी जमिनीवर सपाट अंथरता येते. चौकोनांचे कोन बदलतात, बाजू बदलत नाहीत. म्हणून सरळ लाकडी रिपा जमिनीवर आडव्या-उभ्या अंथरायच्या, प्रत्येक छेदावर एक बोल्ट सैल ठेवायचा, सगळं उचलायचं, कडा पक्क्या करायच्या आणि मग बोल्ट आवळायचे. १९६२ मध्ये एसेनला हा प्रयोग लहान प्रमाणावर झाला होता. १९७५ च्या बागकाम प्रदर्शनासाठीचा मानहाइमचा मल्टिहाले हा सभागृह-मंडप त्याचा राक्षसी अवतार: वास्तुकार कार्लफ्रीड मुचलर, सल्लागार ओटो, हिशेब अरुप या इंजिनिअरिंग कंपनीत टेड हॅपोल्ड आणि इयन लिडेल यांच्या चमूचा. सर्वात मोठा गाळा ६० मी. आणि रिपा फक्त ५० × ५० मिमी, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर!

रीप एवढी बारीक का? वाकवताना पडणारा ताण = लाकडाचा ताठरपणा × जाडी ÷ (२ × बाकाची त्रिज्या). ताठरपणा १०,००० न्यूटन प्रति चौ.मिमी धरा, त्रिज्या ६ मी. ५० मिमी जाडीला ताण येतो ४२ च्या जवळ, म्हणजे गाठ नसलेलं उत्तम लाकूडसुद्धा जेमतेम सहन करील इतका. १०० मिमीची रीप असती तर ८३, ती मोडलीच असती. म्हणून जाड रीप हा पर्यायच नाही.

पण बारीक रिपांचं एकेरी छप्पर ६० मीटरला लचकून बसेल. उत्तर: दोन थर. एकाच दिशेच्या दोन रिपा, मध्ये दुसऱ्या दिशेची एक. वाकवताना थर एकमेकांवर सरकले पाहिजेत, म्हणून बाहेरच्या रिपांना बोल्टची भोकं लांबट. आकार आला की आवळायचं. आकडा काढून बघा: दोन रिपांच्या मध्यांमधलं अंतर १०० मिमी, आणि त्या पूर्ण जोडीने काम करत असतील तर ताठरपणा एका रिपेच्या २६ पट. नुसत्या शेजारी पडलेल्या दोन रिपांचा फक्त दुप्पट. प्रत्यक्षात पकड बोल्टच्या घर्षणावर असते, त्यामुळे पूर्ण २६ मिळत नाही.

ओळंबा
आणि लाकूड वाळलं की आकसतं, मग बोल्ट सैल.

वासेरी
बरोबर, तिथेच वाटीसारख्या डिस्क स्प्रिंगा येतात. बोल्टखाली दबलेली स्प्रिंग, लाकूड आकसलं तरी ती उघडून पकड टिकवते. शिवाय चौकोन पुन्हा कलू नयेत म्हणून कर्णावर ६ मिमीच्या जोड-केबल.

बिघडलं काय? लांब रिपा म्हणजे तुकडे फिंगर जॉइंटने (टोकांचे दाते एकमेकांत बसवून) चिकटवलेल्या. उचलताना बरेच सांधे मोडले. लाकूड तगलं, सांधे गेले. क्रेनने वरून उचलण्याऐवजी खालून परांचीचे मनोरे सरकवत उचललं, ते स्वस्त पडलं. मात्र आधाराच्या जागी बाक एकदम वाढतो, आणि तिथलाच सांधा आधी जातो. आजही कुणी लहान जाळी उचलताना हेच करतं: मध्ये एक टेकू देऊन ढकलतं आणि 'कडाक' ऐकतं. टेकूवर रुंद फळी द्यावी, आणि कडांचे बोल्ट शेवटपर्यंत सैल ठेवावेत.

शेवटी भाराची चाचणी: दोनशेहून जास्त कचऱ्याचे डबे पाण्याने भरून छताला टांगले आणि खाली किती आलं ते मोजलं.

शंकूछेद
इथे एक इशारा द्यायलाच हवा, कारण कॉलेजच्या ज्यूरीत हे दरवर्षी दिसतं. 'सर, १:५० चं मॉडेल मस्त उभं राहिलं, म्हणजे खरं छप्पर उभं राहणार.' नाही राहणार.

टांगलेल्या साखळीचा आकार प्रमाण बदललं तरी तोच राहतो, साबणाच्या पडद्याचाही. म्हणून आकार शोधायला ही मॉडेलं पक्की. पण लचकून कोसळणं वेगळं. त्याच साहित्याचं, सगळी मापं त्याच प्रमाणात लहान केलेलं मॉडेल असेल तर कोसळायला लागणारा दर चौ.मीटरचा दाब मॉडेलला आणि खऱ्याला सारखाच. स्वतःचं वजन मात्र दर चौ.मीटरला ५० पट कमी, कारण जाडी ५० पट कमी. म्हणजे स्वतःच्या वजनाबाबत मॉडेल ५० पट जास्त सुरक्षित दिसतं. तपासायचंच असेल तर त्या मॉडेलवर ५० पट भार टांगावा लागतो, आणि वर खऱ्या इमारतीइतकाच दर चौ.मीटरचा वारा नाहीतर बर्फ.

कौलारू
म्युनिकबद्दल वाद राहिलाच. ते छप्पर ओटोचं म्हणायचं की नाही?

ओळंबा
स्पर्धा १९६७ ची, ज्यूरीचे अध्यक्ष एगोन आयरमान, जिंकले गुंटर बेनिश आणि सहकारी. कल्पना सरळ माँट्रियलवरून घेतलेली, त्यांच्या स्पर्धेच्या मॉडेलवर छप्पर म्हणून स्टॉकिंगचं कापड ताणलेलं. 'हे बांधता येईल का' हा प्रश्न आल्यावर ओटोला बोलावलं. इंजिनिअर लिओनहार्ट आणि आंद्रे, तिथे योर्ग श्लाइख. म्हणजे आराखडा बेनिशचा, आकाराचा शोध बऱ्याच अंशी ओटोच्या संस्थेचा, गणित आणखी तिघा-चौघांचं. एकाचं नाव घालून मोकळं होता येत नाही.

७४,८०० चौ.मी. छप्पर, ७५ सेमीच्या घरांची जाळी, वर ४ मिमी अॅक्रिलिकचे सुमारे २.९ मीटरचे चौरस पत्रे. पारदर्शक का, तर रंगीत दूरदर्शन प्रक्षेपण. मैदानावर छपराची गडद सावली पडली असती तर कॅमेऱ्याला ऊन आणि सावली एकत्र पकडता आली नसती.

शंकूछेद
मॉडेलची हद्द तिथेच संपली. मापनाचं तारेचं मॉडेल १:१२५ चं. त्यावर अर्ध्या मिमीची चूक म्हणजे प्रत्यक्षात ६२ मिमी. केबल कारखान्यात लांबी कापून, खुणा करून येतात, जागेवर ताणून बसवता येत नाहीत. एवढी चूक म्हणजे कुठे केबल सैल, कुठे दुप्पट ताण. म्हणून भूमापनवाले क्लाउस लिंकविट्झ फोटोवरून मापं घेऊन संगणकावर समतोल काढू लागले, दुसरीकडे इंजिनिअर जॉन आर्गिरिस त्यांच्या पद्धतीने. यातूनच पुढे 'बल-घनता' पद्धत आली, तिच्यावरचा श्चेक या संशोधकाचा लेख १९७४ चा.

ती साध्या स्प्रेडशीटमध्ये करता येते. प्रत्येक केबलचा ताण भागिले तिची लांबी हा आकडा आपण आधीच ठरवून टाकायचा. मग समीकरणं सरळ रेषेची होतात. सगळीकडे तोच आकडा धरला तर प्रत्येक गाठ तिच्या चार शेजाऱ्यांच्या सरासरीवर बसते. ११ × ११ चे चौकोन घ्या, कडांच्या पेशींत उंची टाका (समोरासमोरचे दोन कोपरे ३, दोन ०, मध्ये सरळ रेषेत उतरती), आतल्या प्रत्येक पेशीत चार शेजाऱ्यांची सरासरी. सेटिंगमध्ये इटरेशन (पुन्हा पुन्हा गणना) चालू करा, नाहीतर 'सर्क्युलर रेफरन्स'ची तक्रार येईल. आकडे हलायचे थांबेपर्यंत एफ ९ दाबत राहा. खोगीर तयार.

हा साबणाचा पडदा नाही हे लक्षात असू द्या, जवळचा भाऊ. आणि मधल्या एकाच पेशीत ५ टाकून बघा: सुळका येतो, शेजारच्या चार केबलवर सगळा ताण. वर लिहिलेला तोच दोष, फक्त स्प्रेडशीट तुटत नाही, त्यामुळे लक्षात येत नाही.

कडेला केबल हवी असेल तर कडेच्या घटकांना आतल्याच्या पाच ते दहा पट आकडा द्या. तेव्हा आडवी स्थानंही सोडवावी लागतात, तीन तक्ते करा.

निळीशाई
हे करून बघितलं, मध्यभागी १.५ आलं.

शंकूछेद
बरोबर, यायलाच हवं. चारही कोपऱ्यांची सरासरी.

वासेरी
लोकरीच्या दोऱ्यांचा प्रयोगही लिहून ठेवू, तो सर्वात स्वस्त. कडीवर ठराविक अंतराने बिंदू, प्रत्येकातून प्रत्येकाकडे लोकरीचा दोरा, सरळ अंतरापेक्षा साधारण ८ टक्के सैल. पाण्यात बुडवून वर काढायचं. पाण्याच्या ओढीने दोरे एकमेकांना चिकटतात आणि फांद्यांसारखं जाळं होतं: दोरे म्हणजे रस्ते धरले तर त्यांची एकूण लांबी खूप कमी, वळसा थोडासाच. सैलपणा जास्त दिला तर सगळे मध्ये येऊन एकच दोरखंड होतो, कमी दिला तर काहीच चिकटत नाही. नायलॉन चालत नाही, पाणी धरत नाही. फांद्यांचे खांब शोधायला संस्थेत हेच वापरत.

कौलारू
प्रिट्झकर, आर्किटेक्चरचं सर्वात मानाचं पारितोषिक, मरणोत्तर मिळालं, तेही नोंदवा.

ओळंबा
अर्धवट खरं. निवड आधीच झाली होती आणि वार्म्ब्रोनच्या घरी जाऊन त्याला सांगितलंही होतं. ९ मार्च २०१५ ला तो गेला, म्हणून महिनाअखेरची घोषणा आधी आणून १० तारखेला केली.

संस्थेच्या अंकांबद्दल: 'आयएल' मालिकेचे एकूण ४१ अंक निघाले, पहिला १९६९ चा, किमान जाळ्यांवर. चित्रं आणि मापं इतकी आहेत की जर्मन न येणाऱ्यालाही निम्मं कळतं. हॅपोल्ड-लिडेल यांचा मानहाइमवरचा लेख इंग्रजीत आहे, १९७५ चा.

काथ्या
कापडाच्या दोन दिशांच्या चाचणीची साधी जुळणी कशी करायची ते वेगळ्या प्रतिसादात आकृतीसह टाकतो. ३० सेमी रुंद अधिक-चिन्हाचा तुकडा, चारही बाहूंत उभ्या चिरा, चार कप्प्या आणि वजनं. चिरा विसरलात तर मधला भाग ताणलाच जात नाही.

निळीशाई
टाका, वाट बघतेय. वजनं किती किलोची लागतील तेही लिहा.

काथ्या
३० सेमी रुंदीला २ किलोन्यूटन प्रति मीटर म्हणजे ६०० न्यूटन, बाहूमागे ६१ किलो. वाळूची पोती घ्या, आणि पाय बाजूला ठेवा.